नाचाचं चित्र

सातारा, १४ नोव्हेंबर १९७१

श्रीमती विजयमालाबाई सांगलीकर यांस,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. माझं नाव पद्मा नातू. माझे यजमान चिंतामण नातू इथल्या एका शाळेत चित्रकला शिकवतात. पावसाळा सरता सरता ते परीक्षांच्या कामासाठी सांगलीला आले होते. बरोबरच्या शिक्षकांनी आग्रह करून त्यांना एका संध्याकाळी तुमच्या थिएटरात नेलं, आणि तिथे त्यांनी तुमचा नाच पाहिला.

घरी आल्यापासून ते तुमचं चित्र काढताहेत. काढतात, लांबून पाहतात आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून देतात. नुसत्या आठवणीतून जमत नाही म्हणतात. तुम्हाला समोर बसवून काढावं असं त्यांच्या फार मनात आहे, पण ते तुम्हाला कधीही विचारणार नाहीत. दुकानदाराकडे सुटे पैसे मागतानाही ते चाचरतात. म्हणून मीच विचारते. चार दिवस साताऱ्याला आमच्याकडे याल का? उतरायचं आमच्याच घरी. मी सतत घरात असेन. बरोबर कोणाला आणायचं तर जरूर आणा.

तुमच्या कामाचा खाडा होईल, त्याची भरपाई आम्ही करू. आमच्या विचारण्यात काही वावगं वाटलं तर पत्र फाडून टाका आणि मला माफ करा.

आपली,
पद्मा नातू


सांगली, २ डिसेंबर १९७१

सौ. पद्माबाईसाहेब यांना विजयमालाचा नमस्कार.

पत्र पावलं. चौथीपर्यंत शाळा शिकले हाय, तवा मीच लिवती. अक्षर वाकडं हाय, गोड मानून घ्या.

तुमचं पत्र मी मावशीला वाचून दाकवलं. मावशी म्हंजी सुलाबाई, तिनंच मला नाच शिकवला. ती म्हणाली, आजवर मोठ्या लोकांची बोलावणी लय आली, पण ती दलालाच्या हातनं. बायकोनं हातानं पत्र लिवून नवऱ्यासाठी बोलावलेलं आपल्या जल्मात बगितलं न्हाई. एकतर ही बाई खुळी हाय, न्हाईतर लय शानी हाय. म्हणून बगायला येतो.

थेटर रंगवायला काढणार हायत, तवा संक्रांत झाल्यावर सवड हाय. मावशी संगं येणार. बाकी आदीच सांगती, मी नाचणारी हाय. मास्तरांनी चित्र काढावं, पण अंगाला हात लावून 'असं वळा, तसं वळा' चालायचं न्हाई. तोंडानं सांगावं. आन् आमी मटण खातो. तुमच्या घरात खाणार न्हाई, पण भांडी येगळी ठिवली तर मावशी मुक्काम करायची न्हाई.

कळावं,
विजयमाला


सातारा, ९ फेब्रुवारी १९७२

प्रिय विजयमालाबाई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. मावशींची काठी इथे राहिली आहे, ती येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवते.

घर अगदी सुनं वाटतं. हे दिवसभर तुमच्या चित्रापुढे असतात. मी हसले की विचारतात, काय झालं? मला ते आठवतं. तुम्ही खिडकीत बसल्या बसल्या झोपी गेलात आणि मावशी तुम्हाला उठवायला निघाल्या, तेव्हा यांनी मावशींच्या हाताला धरून त्यांना मागे बसवलं. तुमची अट मोडली, पण मावशींच्या बाबतीत. तेच झोपेचं चित्र आता पुरं झालंय. मान एका बाजूला कलली आहे, हात मांडीत उताणे पडलेत. येता-जाता मी त्याच्यापुढे थांबते.

औंधची आठवणही रोज निघते. यमाईचं दर्शन झाल्यावर आपण तिथल्या संग्रहालयातली चित्रं पाहायला गेलो आणि तुम्ही एकेका चित्रातल्या बाईपुढे थांबून, "ही कोण? हिचं नाव काय?" असं विचारत होतात. तिथल्या माणसाला सांगता येईना, आणि यांनाही येईना. हे परतीच्या गाडीत म्हणाले, "इतकी वर्षं मी ही चित्रं पाहतोय, पण हा प्रश्न मला कधी पडला नाही."

पुन्हा कधी येता?

तुमची,
पद्मा


सांगली, ३ मार्च १९७२

पद्मावैनींना विजयमालाचा नमस्कार.

काठी मिळाली. मावशी तुमच्या थालीपिठाची याद काढती.

वैनी, दोन गोष्टी मनात हायत, त्या लिवती. तुमच्या शेजारणीनं इचारलं, ह्या कोण? तवा तुमी म्हणालात, माझी मिरजेकडची मामेबहीण. मी दाराआड हुते. बहीण म्हणालात त्याचं बरं वाटलं, आन् वाईट बी वाटलं. औंधला मी बायांची नावं इचारत हुते ती उगच न्हाई.

दुसरी गोष्ट मास्तरांना सांगा. आवं, लोक पैसे टाकून माझा नाच बगाय येत्यात. वाळव्याकडचे लालासाहेब म्हणून उसाचे बागाईतदार हायत, त्येनी बारा वर्सं पुढची गादी सोडली न्हाई. माझ्या तोंडाकडं बगत बी न्हाईत, नजर सारी पायावर. पाय चुकला तर त्यांची मान हलती. आन् मास्तरांनी मला काय काढलं? झोपलेली. मास्तर, मी उबी ऱ्हाते ते कवा काढणार?

आन् वैनी, आता खरं सांगा, मला का बोलावलंसा? नवऱ्याचा हट्ट पुरवायला एवढं कोण करत न्हाई.

तुमची,
विजयमाला


सातारा, २० मार्च १९७२

प्रिय माला,

आता 'बाई' लावत नाही. तुमचं पत्र वाचलं आणि तशीच उठून शेजारी गेले. सांगितलं, त्या दिवशीच्या पाहुण्या विजयमाला सांगलीकर, सांगलीच्या थिएटरात नाचतात, आणि माझ्या मैत्रीण आहेत. शेजारच्या काकू पदर सावरत आत निघून गेल्या. चार दिवस हळदीकुंकवाला बोलावणं आलं नाही. पाचव्या दिवशी स्वतःच आल्या आणि चित्र दाखवा म्हणाल्या. बराच वेळ उभ्या होत्या.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आम्हाला एक मुलगी होती, क्षमा. नऊ वर्षांची असताना विषमज्वराने गेली. त्या दिवसापासून यांनी रंगांची पेटी माळ्यावर टाकली. शाळेत फळ्यावर आंबा, पेरू काढायचे तेवढेच. सात वर्षं आमच्या घरात कोणी मोठ्याने बोललंही नाही. आणि सांगलीहून आले त्या दिवशी मी पाहते तर हे शिडी लावून माळ्यावर चढलेले. पेटी खाली आणली आणि मला म्हणाले, "रंग सुकलेत. थोडं तेल देतेस?"

माला, ती पेटी ज्या बाईमुळे उघडली तिला मी पायघड्या घालून आणलं असतं. पत्र लिहिण्यात ते काय विशेष?

नाचाच्या चित्राचं यांना सांगितलं. म्हणाले, "ती नाचायला लागली की मी नुसता बघत राहतो. हात चालत नाही."

तुझी, होय, तुझीच,
पद्मा


सातारा, ५ ऑगस्ट १९७४

प्रिय माला,

गेली दोन वर्षं तू दिवाळीला आणि संक्रांतीला न चुकता आलीस. या संक्रांतीलाही येऊन गेलीस, पण होळीपासून तुझं पत्र नाही. मी तीन पाठवली. मागच्या वेळी वाईचे माझे दीर, तात्या, घरात असताना तुझ्याशी नीट बोलले नाहीत, ते तुझ्या मनाला लागलं का? मी त्यांच्या वतीने क्षमा मागते. ते स्वभावाने वाईट नाहीत, पण लोक काय म्हणतील याची त्यांना फार धास्ती.

यांनी तुझी एकूण सहा चित्रं पुरी केली. पाण्याचा तांब्या घेतलेली, मावशींच्या केसांतल्या उवा बघणारी, पान लावणारी. सातवं अडलंय. दोन ओळी तरी लिही.

तुझी,
पद्मा


सांगली, २१ ऑगस्ट १९७४

पद्मावैनींना नमस्कार.

पत्रं सारी पावली. नाचाच्या बाऱ्या लय जोरात चालल्यात, सवड न्हाई. तात्यांचं काय मनात न्हाई. मास्तरांनी आता दुसरं कुणाला तरी बसवावं. मला परत बोलवू नका.

विजयमाला


सातारा, ११ नोव्हेंबर १९७४

माला,

परवा दवाखान्यात तू भिंतीकडे तोंड केलंस आणि मी निघेपर्यंत वळली नाहीस, म्हणून आता लिहूनच बोलते.

तुझं ते चार ओळींचं पत्र आलं आणि मी रागावले. खोटं कशाला बोलू, खूप रागावले. दोन महिने उत्तर दिलं नाही. मग दिवाळीच्या फराळाचे डबे भरताना तुझा डबा भरला गेला. हे म्हणाले, "जाऊन ये." तशी एस.टी.त बसले. थिएटरात दुसरीच मुलगी नाचत होती. मी तिथल्या माणसाला तुझं नाव विचारलं, तर तो म्हणाला, "ती? ती कवाच संपली." मला वाटलं तू या जगात नाहीस. मावशी भेटल्या तेव्हा कळलं, की शिमग्याच्या आधी नाचताना फळी खचली, गुडघा फुटला, मिरजेच्या दवाखान्यात दोनदा शस्त्रक्रिया झाली, आता तिसरी झालीय आणि पाय वाकायचा नाही.

तुला वाटलं, नाच गेला म्हणजे आमच्याकडे यायचं कारण गेलं. होय ना? अगं, यांच्या सहाही चित्रांत तू एकदा तरी नाचते आहेस का?

दवाखान्यातून सोडतील त्या दिवशी मी आणि हे मोटार करून येतो. मावशींनाही घेऊ. तू नाही म्हणालीस तरी आम्ही येऊन फाटकाशी थांबू.

पद्मा


मिरज, १९ नोव्हेंबर १९७४

वैनी,

पुढच्या सोमवारी सोडणार हायत. मोटार फाटकाच्या आत आणा, मला लांब चालवत न्हाई.

भिंतीकडं तोंड केलं कारण रडाय येत हुतं. मावशीबिगर कुणापुढं कवा रडले न्हाई.

विजयमाला


सातारा, २ एप्रिल १९७५

प्रिय माला,

तू गेल्यापासून हे सातव्या चित्रावर काम करत होते. काल पुरं झालं. हे शाळेत गेल्यावर मी खोलीला आतून कडी लावली आणि एकटीने पाहिलं. लाज वाटली, आणि हसूही आलं.

दवाखान्यातून येऊन तू आमच्याकडे राहिली होतीस, तेव्हाच्या त्या दुपारी मला काय वाटलं होतं ते तुला सांगितलंच नव्हतं. हे भीत भीत म्हणाले, "आता तुमचं नाचाचं चित्र काढावं म्हणतो," आणि तू ताट बाजूला सारलंस. "आता? धडधाकट हुते तवा बसवून ठेवलंत, आन् आता पाय गेल्यावर नाच आठवला?" यांचं तोंड इतकंसं झालं. नंतर दोन दिवस तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला नाहीत, आणि मी दोघांची ताटं वेगवेगळ्या खोल्यांत नेत होते. यांचं म्हणणं मला कळत होतं. हलणारी तू यांना कधी कागदावर धरता आली नाही. तुझंही कळत होतं. तिसऱ्या दिवशी मला दोघांचा कंटाळा आला. मी नऊवारी काढली, तुझ्यासारखी घट्ट नेसले आणि खोलीत येऊन म्हटलं, "माला, तू सांग. मी उभी राहते. हे काढतील. तोंड तुझं, पाय माझे."

मावशी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पण तू हसली नाहीस. माझ्या पायांकडे पाहत राहिलीस आणि म्हणालीस, "टाच उचला. आजून. अंगाचं वजन पंज्यावर."

अठ्ठेचाळीस वर्षांची मी, उभ्या जन्मात लग्नातसुद्धा फुगडी न घातलेली. रोज दुपारी दारं लावून तू मला हाकायचीस. कंबर कुठे, मान कुठे, नजर कुठे. पोटऱ्या रात्रभर ठणकायच्या. एके दिवशी तू खाटेवरून टाळी देत बोल म्हणू लागलीस, आणि मी उभी राहायची सोडून दोन पावलं टाकली. माझी मी. कोणी सांगितलं नव्हतं. मी थांबले, तर तू म्हणालीस, "थांबू नका वैनी."

त्या वेळी मी तुमच्या दोघांकडे पाठ केली, कारण माझे डोळे भरले होते. क्षमा गेल्यापासून माझं शरीर म्हणजे स्वयंपाक करायचं एक यंत्र झालं होतं. ते माझं आहे हे मी विसरलेच होते. यांनी इतकी वर्षं मला कधी समोर बसवलं नाही, आणि मीही कधी म्हटलं नाही. आता बसवलं ते तुझ्या अंगात. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. तुला वाटतं का?

तुझी,
पद्मा


सांगली, १८ एप्रिल १९७५

वैनी,

मला का वाईट वाटंल? माझा नाच गेला म्हणून मी जळत हुते. तुमी पहिलं पाऊल टाकलंत ते लय वाईट पडलं, खरं सांगती. पण दुसरं बरं पडलं. त्या दिवशी मला वाटलं, नाच माझ्यासंगं मरायचा न्हाई.

थेटरातल्या दोन पोरी आता माझ्याकडं शिकाय येत्यात. मी खाटंवर बसून सांगती. मास्तरांना म्हणावं, रुसवा संपला.

विजयमाला


सांगली, २६ जानेवारी १९७६

पद्मावैनींना विजयमालाचा नमस्कार.

मास्तरांच्या चित्रांचं हितं प्रदर्शन झालं, त्याला तुमी आला न्हाईत. मास्तर म्हणाले, आपलेच पाय चारचौघांत टांगलेले बगायचा तिला धीर न्हाई. म्हणून झालं तसं सांगती.

शाळेच्या हॉलात साती चित्रं मांडली हुती. प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळींनी खाली 'नर्तकी' अशी चिठ्ठी लावली हुती. मास्तरांनी ती काढली आन् प्रत्येक चित्राखाली 'विजयमाला सांगलीकर' लिवलं. एक गृहस्थ म्हणाले, अशा बायांची नावं लावत न्हाईत. मास्तर चाचरले न्हाईत. म्हणाले, "मग चित्रं उतरवतो. गाडी बाहेरच उभी आहे." मग नावं तशीच ऱ्हायली.

नाचाच्या चित्रापुढं ही गर्दी. जो तो म्हणतोय, काय पाय हायत, जित्तं हायत. मावशी पदर तोंडात धरून हसत हुती. मी खुर्चीत बसले हुते.

तवर लालासाहेब आले. पाय मोडल्यापासून पयल्यांदा दिसले. दवाखान्यात आले न्हाईत, माणूस बी धाडला न्हाई. चित्रापुढं लय येळ उबे ऱ्हायले. मग माझ्याजवळ येऊन खाली वाकून हळूच म्हणाले, "तोंड तुझं हाय विजयमाला. पाय तुझे न्हाईत." मी म्हणाले, "व्हय." कुणाचे म्हणून त्येनी इचारलं न्हाई. डोळ्यांत पाणी हुतं त्यांच्या. तसंच निघून गेले.

वैनी, मी दोन दिवस त्याच इचारात हाय. बारा वर्सं त्या माणसानं माझं पाऊल पाठ केलं हुतं, आन् ते मोडलं तवा त्याला माझ्या दारात येता आलं न्हाई. तुमी माझा नाच एकदा बी बगितला न्हाई. मला राग न्हाई त्यांचा. ज्याचं त्याचं असतं. पण मला कुणी इचारलं, की तुझं असं मानूस कोण, तर मी कुणाचं नाव घेईन ते तुमाला ठावं हाय.

मास्तर परतीच्या गाडीत बसताना खोकत हुते. काढा द्या.

तुमची,
विजयमाला


सातारा, ८ ऑक्टोबर १९७८

प्रिय माला,

यांच्या दिवसांना तू आणि मावशी होतात म्हणून मी उभी राहिले. फुफ्फुसांचं दुखणं कळलं तेव्हापासून मी मनाची तयारी करत होते, पण तशी तयारी होत नसते. शेवटच्या आठवड्यात एकदा ते म्हणाले, "विजयमालेला सांग, आठवं राहिलं." मी विचारलं, आठवं कसलं? तर म्हणाले, "तुम्ही दोघी बसून बोलता, ते."

आता पुढचं. तात्या येऊन गेले. मी एकटीने इथे राहणं त्यांना बरं वाटत नाही. वाईला चल म्हणतात. माडीवरची खोली देतील, घरात नातवंडं आहेत, माझा वेळ जाईल. त्यांचा जीव आहे माझ्यावर. फक्त चित्रं इथेच कोणाला देऊन टाक म्हणाले. निदान नाचाचं तरी. मुलाबाळांच्या घरात ते कुठे लावणार? मी होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चित्रांवर चादर घातली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. दिवाळीनंतर न्यायला येणार आहेत.

तुला काय वाटतं ते लिही. नाही लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
पद्मा


सांगली, १३ ऑक्टोबर १९७८

पद्मावैनी,

तुमाला वाईला जायचं असंल तर जावा. नातवंडं चांगली असत्यात. मी अडवणार न्हाई.

पण जायचं नसंल तर ऐका. आमच्याकडं दोन खोल्या हायत, मागं न्हाणी हाय, दारात सायलीचा येल हाय. एक खोली मी कालच झाडून घेतली. दिवसभर पोरी येत्यात शिकाय, गलका असतो, तुमाला झोप लागायची न्हाई दुपारची. मावशीला आता कमी दिसतं, ती तुमची वाट बगती. लोक काय म्हणत्याल ते मला ठावं हाय, तुमाला बी ठावं हाय. पोरींना लिवाय-वाचाय शिकवणारं कुणी न्हाई. त्या रोज इचारत्यात, बाई कवा येणार? मी त्यांना तुमचं नाव सांगून बसले हाय.

विजयमाला


सातारा, २० ऑक्टोबर १९७८

प्रिय माला,

तात्यांना पत्र टाकलं. ते रागावतील, मग येतील, मग चहा घेतील. तुझ्या घरी चहा घ्यायची वेळ त्यांच्यावर येणार आहे, तेव्हा चांगली पावडर आणून ठेव.

गुरुवारी सकाळच्या गाडीने निघते. सामान थोडंच आहे. चित्रं शेजारच्या काकूंचा भाचा ट्रकने पोचवणार आहे. काकूंनी स्वतः बसून ती गोधड्यांत गुंडाळली.

मुलींना पाट्या आहेत का? नसतील तर येताना घेऊन येते.

तुझी,
पद्मा


सांगली, २३ ऑक्टोबर १९७८

वैनी,

पाट्या आणा. तीन पोरी हायत, पण चार आणा. चौथी माझ्यासाठी, माझं अक्षर अजून वाकडंच हाय.

स्टँडवर रिक्षा करू नका. मी न्यायला येती. मावशी म्हणती, तुझा पाय, तू कशाला जातीस, पोरींना धाड. पोरी बी येतील. पण गाडीतनं उतरताना पयलं तोंड तुमाला माझं दिसलं पायजे. उशीर झाला तर होऊ दे. मी तितंच बाकड्यावर बसून ऱ्हाती.

विजयमाला